अंगुस्तान

आमचं नाव व्हर्नेलच्या आईनं ठेवलं, ओठांत दोन टाचण्या धरून:
द थिम्बल्स.
म्हणजे अंगुस्तानं. सुई टोचू नये म्हणून बोटाला घालतात ती.
चौघींचे फ्रॉक तिनंच शिवले, कुणाच्या तरी पडद्यांच्या उरल्या कापडातून.
माझा कंबरेत घट्ट झाला, तर म्हणाली,
श्वास कमी घे.

बफेलोत तेव्हा सकाळी गिरणीतून भाजलेल्या ओट्सचा वास यायचा,
वारा फिरला की पोलादाचा.
आम्ही विल्यम स्ट्रीटवरच्या जिन्यात गायचो,
कारण जिना फुकटात आवाज मोठा करून देतो.
व्हर्नेल वर. ओलिटा आणि क्लॉडीन दोन पायऱ्या खाली.
मी सगळ्यांत शेवटी, खालच्या पट्टीत, कठड्याला टेकून,
दूधवाला आला की सरकून वाट देणारी.

एकसष्टच्या नोव्हेंबरात मिस्टर लास्कर आले.
सह्या त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर झाल्या.
बर्फ भुरभुरत होतं, शाई पसरली.
आमच्यातल्या तिघी अज्ञान होत्या, कायद्यानं आणि एरवीही,
म्हणून आयांनी सह्या केल्या.
माझ्या आईनं हातमोजा काढला नाही.

गाणं दोन मिनिटं एकोणीस सेकंदांचं,
एका मुलानं परत न केलेल्या छत्रीबद्दल.
माझ्या वाट्याला त्यात शब्द नव्हते.
'ऊ' होता. मग 'आ'. शेवटी पुन्हा 'ऊ', जरा लांब.
बासष्टच्या उन्हाळ्यात तो 'ऊ' देशभर वाजला,
गाड्यांच्या खिडक्यांतून, न्हाव्यांच्या दुकानांतून,
आणि अशा खानावळींतून
जिथे आम्हाला मागच्या दारी कागदात गुंडाळून सँडविच मिळायचं.
जॉर्जियात एकदा आमची रेकॉर्ड आत वाजत होती
आणि आम्ही बाहेर बसमध्ये उभ्यानं खात होतो.
क्लॉडीननं आतल्या आमच्याशी सूर जुळवला. तोंडात पाव होता.

मग पोस्टरवर नाव लांबलं:
व्हर्नेल आणि द थिम्बल्स.
मी त्या 'आणि'वर बोट ठेवून बघितलं.
कागद ओला होता, खळ बोटाला लागली.

हिशेबाची वही मला एकदाच दिसली.
विग, वजा. हॉटेल, वजा. स्टुडिओतले वादक, वजा.
व्हर्नेलच्या आईनं शिवलेले फ्रॉक, वजा,
ज्याचे पैसे तिला कुणीच दिले नव्हते.
तळाशी आमच्या नावावर कर्ज.

लोक विचारतात, फूट कशावरून पडली.
त्यांना गोष्टीत एखादा पुरुष हवा असतो.
इस्त्रीवरून पडली. क्लीव्हलँड, चौसष्टचा फेब्रुवारी.
ओलिटानं व्हर्नेलच्या फ्रॉकवर तापलेली इस्त्री ठेवली
आणि उचलली नाही.
वास आम्हा सगळ्यांना आला.
मीही उचलली नाही.
पाठीवर तो तपकिरी त्रिकोण घेऊन व्हर्नेल अख्खा कार्यक्रम गायली,
लोकांकडे एकदाही पाठ न करता.
गिरकी आम्ही तिघींनीच घेतली.

ओलिटा परतीच्या बसला आलीच नाही.
क्लॉडीन नर्स झाली, मग टोलेडोत गेली, मग गेलीच.
मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरी मोजल्या.
व्हर्नेल ईस्टरला फोन करते.
गुडघ्यांबद्दल बोलतो आम्ही, तिच्या डाव्या, माझ्या दोन्ही.
इस्त्रीचा विषय कुणीच काढत नाही.

परवा सुपरमार्केटात छत्रीवालं गाणं लागलं.
दुसऱ्या कडव्याच्या आधी, नीट ऐकलं तर,
कुणीतरी घाईघाईनं श्वास घेतं.
इंजिनिअरचा कापायचा राहून गेला.
फ्रॉक घट्ट होता.
तेवढ्यापुरती मी कांद्यांपाशी थांबले,
मग व्हर्नेल गाऊ लागली,
आणि मी त्यातले मऊ पडलेले बाजूला काढले.