जाम

बंद पडलेल्या जिनातून
किलोच्या भावाने उचलली ही लेथ.
बटाल्याची, सहा फुटी,
दारव्ह्याच्या काट्यावर साडेअकरा क्विंटल भरली.
काटेवाला म्हणाला, भंगारवालेही हिला नको म्हणत होते,
फोडायची मजुरीच जास्त.

बेडवर गंज, कबुतरांची शीट,
हेडस्टॉकच्या झाकणात गांधीलमाशांचं घर.
एक चाक फिरेना, एक हँडल हलेना.
लेथच्या आकाराचा साडेअकरा क्विंटलचा दगड.

मी आधी घण घेतला.
खोटं कशाला बोलू, मला तेवढंच येतं.
वखराच्या पासा, ट्रॉलीचे हूक, विहिरीवरच्या मोटारी,
आमच्याकडे लोखंडाशी असंच बोलतात.
चकच्या कडेवर तीन ठोके,
चौथ्याला कोपरापर्यंत मुंग्या,
आणि करुणा उईके, आयटीआय करून दोन महिन्यांपूर्वी आलेली पोरगी,
घणाच्या आणि चकच्या मधे येऊन उभी.
"काका, बेअरिंग जाईल."
एवढंच.
पुन्हा जाऊन कानशी पुसत बसली.

मग तेल.
जवसाचं नको, ते सुकून गोंद होतं, हेही तिनंच सांगितलं.
डिझेल, रॉकेल,
पिचकारीने, थेंब थेंब, सकाळ-संध्याकाळ,
आजारी वासराला नळीने पाजावं तसं.
बायको म्हणाली,
माझ्या गुडघ्याला कधी लावलं नाही इतक्या नेमानं.

चार दिवस. हललं काहीच नाही.
फक्त एका सकाळी आट्यांतून तांबूस ओघळ
आणि करुणा म्हणाली, आत गेलंय.

पाचव्या दिवशी बोदेगावहून झिंगरू मिस्त्रीला आणलं,
याच लेथवर एकवीस वर्षं उभा राहिलेला.
आता हात थरथरतात,
बशी दोन्ही हातांनी धरावी लागते.
त्याने लेथला हात लावला नाही.
लीडस्क्रूच्या टोकाकडे, कॉलरकडे नुसती मान केली.
"पिन कोन्या बाजूनं ठोकून रायला बे?"
मी दाखवली.
"मंग जलमभर ठोक."

टेपर पिन. एक टोक बारीक, एक जाड,
आणि मी रोज जाड टोकावर मारून
तिला आणखी घट्ट बसवत होतो.

"बारीक बाजूले तीन टिंबं हायेत पाह्य.
मीच पाडले होते, शहात्तरात.
म्हनलं, मी नसन तं उघडनाऱ्याले समजन."

करुणाने चिंधीने पुसलं.
एक.
दोन.
तिसरं गंजात अर्धं गेलेलं.

एका ठोक्यात पडली. फरशीवर टिंग.
मला लाज वाटली, थोडीशीच,
सगळेच हसत होते.

चकला मात्र टिंबं नव्हती.
दुपारी, पत्र्याखाली, पान्याला हात लावला की चटका,
ब्लोलॅम्पने चकची पाठ तापवली
आणि स्पिंडलच्या पोकळ छातीतून
करुणाने माठातलं गार पाणी ओतलं.
बाहेरचं फुगलं, आतलं आकसलं,
मधे केसाएवढी जागा.
जबड्याखाली सागाचा ठोकळा, बॅकगिअर लावलेला,
पट्टा हाताने ओढला, उलटा.
मिस्त्रीने डोळे मिटले होते,
तो कानाने बघत होता.

कच्च.
लहानसा आवाज, वाळली शेंग फुटते तसा.

स्पिंडलच्या आट्यांत काळं ग्रीस,
त्यात रुतलेली एक सरकी,
अजून रुवा चिकटलेली.
मिस्त्रीने ती नखाने काढली,
उजेडात धरली, वास घेतला,
बंडीच्या खिशात टाकली.
आम्ही विचारलं नाही.

टेलस्टॉकची नळी अजून निघालेली नाही.
रोज डिझेल सोडतो.
घण भिंतीला टेकवून ठेवलाय,
माझ्यापासून चार पावलं लांब,
करुणाने मोजून ठेवल्यासारखा.