आठ आटे

भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं: फक्त आठ आटे.
कुणी लिहिलं कुणास ठाऊक. मी लागलो तेव्हाच
'फक्त'मधला फ पुसट झालेला.
वीस आट्यांचा व्हॉल्व्ह, आठच उघडायचा.
जास्त उघडला की मोटर तापते,
आणि मोटरीच्या आधी साहेब.

शिंगणापूरचं जॅकवेल, पंप नंबर तीन, रात्रपाळी.
एकोणीस वर्षं त्या घरघरीत डबा खाल्ला,
नोंदवहीत अँपिअर लिहिले,
पोरीच्या लग्नाची बोलणी फोनवर ओरडून केली.
वाटायचं, एवढा आवाज म्हणजे केवढं काम!

मग बागवान मॅडम आल्या, तबस्सूम,
पायात फोरमनचे ढगळ गमबूट.
मीटर लावायच्या आधी पाइपावर तळवा टेकला,
व्हॉल्व्हच्या अलीकडं, मग पलीकडं,
तापल्या पोराचं कपाळ बघावं तसा.
"काका, हँडब्रेक ओढून गाडी चालवताय की."
शंभर युनिटांतली एकतीस
नुसत्या या चाकाशी भांडण्यात जातात, म्हणाल्या.
मी हसलो.
रात्री एकोणीस वर्षांचा हिशेब मांडायला बसलो,
निम्म्यात सोडला.

इंपेलर उतरवला, टेम्पोत घालून उद्यमनगरात नेला.
सातगोंडाच्या लेथवर ब्राँझची सालं निघाली,
कुरळी, गरम.
एक मी खिशात टाकली. चोरी म्हणा हवं तर.

नववा आटा कधी फिरलाच नव्हता.
तिथून पुढं सगळा गंज.
तेल सोडलं, दोघं चाकाला लोंबलो,
दहावा, अकरावा,
चौदाव्याला फोरमननं शिवी घातली,
विसाव्याला कुणी काही बोललं नाही.

त्या रात्री मी दोनदा खाली धावलो,
पंप बंद पडला म्हणून.
चालू होता. गुणगुणत होता,
काटा खालच्या आकड्यावर पेंगत होता.
एवढ्या शांततेत मला नदी ऐकू आली,
खरं सांगतो, पहिल्यांदा.

साहेब म्हणतात भिंतीवरचं खोडा.
ब्रश घेतो, राहून जातं.

सकाळी फुलेवाडीत मालन म्हणाली,
"पाणी रोजच्याएवढंच आलं की. मग बदललं काय?"
शर्ट धुताना तिला खिशात ती साल घावली.
"हे," म्हणालो, "एवढं जास्तीचं होतं."
तिनं उन्हात फिरवून बघितली,
जरा बोट कापलं,
तोंडात घातलं,
आणि साल ठेवून दिली खिडकीत,
साबणाच्या वडीशेजारी.