तांडेलचा फिल्टर

सोहारमध्ये शुक्रवारी साडेपाचलाच हात घालावा गाडीला,
सातनंतर बोनेट म्हणजे तवा.
वाळूवर पुठ्ठा अंथरून आत सरकतो,
चौदाचा पाना, लबनचा रिकामा कॅन.
बोल्ट सुटतो
आणि काळं तेल आधी मनगटावर, मग कॅनमध्ये.

फिल्टर मात्र हलत नाही.
फडकं गुंडाळलं, सँडपेपर लावला,
शेवटी एक शिवी हासडली, अस्सल गावाकडची.
हातानेच आवळलेला, नुसत्या हाताने,
सातपाटीला दोर ओढलेल्या माणसाच्या.
कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा
गाडी मला देऊन तांडेल गेला.
किल्ली ठेवत म्हणाला, तेल वेळेवर बदल,
बाकी काही मागत नाही ती.

निघाला एकदाचा.
पत्र्यावर मार्करने त्याचं तिरकं अक्षर:
१२ ऑक्टो. एक लाख बेचाळीस हजार सहाशे.
आणि खाली, कशाला कोण जाणे,
पाऊस नाही.

नव्याच्या रबराला बोटाने तेल फिरवतो,
बसवतो बेताने,
पुढच्याला शिवी द्यावी लागू नये इतपत.
तारीख लिहितो. किलोमीटर लिहितो.
मग मार्कर उघडाच ठेवून
पुठ्ठ्यावरून बाहेर सरकतो,
आकाश बघायला.