दहा किलोच्या आत

मरवडे मागे पडलं आणि डाव्या हेडलाइटनं
एकदा डोळा मिचकावून जीव सोडला.
चन्नवीर म्हणाला, "एका डोळ्यानं जतपर्यंत नको."
तेरा वर्षांत इतक्या लवकर
आमचं कशावरच एकमत झालं नव्हतं.

उद्या अकराला सही.
साडेचार एकर बरड, दोघांच्या नावावर.
ती विकली की सामाईक म्हणावं असं काही उरत नाही,
पाठ असलेला एकमेकांचा मोबाइल नंबर सोडला तर.

पहिलं लॉज: खाली परमिट रूम, वर पाच खोल्या,
जिन्यात फिनेल आणि तळलेल्या चकल्यांचा वास.
पोरानं रजिस्टर ओढलं. नाव. गाव. गाडी नंबर.
मग पेन थांबलं,
"नातं काय लिहू?"
चन्नवीर चाव्यांच्या फळीकडे बघत राहिला,
जणू एखाद्या खिळ्याला उत्तर लटकलंय.
मी म्हटलं, राहू दे.
खोली तशीही एकच शिल्लक होती.

पुढे ढाबा. बाजा फुकट,
जेवण मात्र तिथंच करायचं.
कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा बुक्कीनं फोडलेला.
ट्रकवाले माझ्याकडे बघत नव्हते,
आणि तेच सारखं जाणवत होतं.
थंडी वाढली. सोलापूरची माणसं आम्ही,
आणि गाडीत एक चादर नाही.
तो म्हणाला, "तुला इथं झोप नाही येणार."
"तुला काय माहीत?"
माहीत होतं त्याला.

मग नुसता माळ.
कुसळं, खुरटी बाभळ, पुन्हा कुसळं,
आमच्या एकुलत्या उजेडात रस्ता निम्माच दिसणारा.
एका शाळेचा व्हरांडा होता, फाटकाला कुलूप.
चढायची भाषा दोघांनीही केली,
चढलं कुणीच नाही.

आणि मग, कुठल्याच गावात नसलेला, वजनकाटा.
पत्र्याची केबिन, आत रेवणसिद्ध, मफलर, रेडिओ.
"झोपा की हो. ताई बाकड्यावर, साहेब गाडीत.
गाडी काट्यावरच राहू द्या, खाली सराटे हायेत.
पाचला कडब्याचा ट्रक येतोय, तेवढं उठा म्हणजे झालं."
नातं त्यानं विचारलं नाही.
घोंगडी दिली, तीही एकच, ती माझ्याकडे आली.

काचेमागं लाल आकडे: ९९०.
मी उतरले. ९३०.
तो उतरला. ८५०.
"दहाच्या आतलं धरत नाही हा," रेवणसिद्ध म्हणाला.
"पाचसात किलो इकडंतिकडं. त्याचा हिशोब नसतो."

रात्री थ्री-फेज आली तशी जाग आली.
लांब कुठंतरी मोटार पाणी ओढत होती,
किंवा नुसतीच ओढत होती.
आकडा ९३०. म्हणजे तो गाडीत.
मग ८५०.
दार वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही,
फक्त ऐंशी किलो कमी.
पूर्वीही तो असाच उठायचा, न सांगता,
आणि मी अशीच पडून राहायचे, डोळे मिटून,
तेव्हा समोर आकडा नव्हता एवढंच.
भिंतीवरच्या घड्याळात मी तेवीस मिनिटं मोजली.
साप असतील. विहिरींना कठडे नसतात इकडं.
ओरडावं म्हटलं, तर काय म्हणून हाक मारायची?

९३०.
घोंगडीला शेळ्यांचा वास होता. मी झोपले.

पाचला हॉर्न.
रेवणसिद्धनं पैसे घेतले नाहीत,
सवयीनं पावती मात्र फाडली:
गाडी, दोन माणसं, ९९० किलो.
चन्नवीरनं विचारलं, "लागली झोप?"
"लागली की."
तेवीस मिनिटांचं मी बोलले नाही.
त्याच्या चपलांना कुसळं चिकटली होती,
पार वरपर्यंत, पँटलाही.
ती तो एक एक करून काढत बसला,
आणि मागं ट्रकवाला हॉर्न देत राहिला.

तोवर उजाडलं.
हेडलाइटची तशी गरज उरली नव्हती.