दुष्फेन

हिचिनचं पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपत येतं.
दिसायला नितळ, जिभेला जड.
साबण घासा, फेस नाही. तूरडाळ तासभर रटरटते
आणि दाणा काही नमत नाही.
आठवीच्या पुस्तकात याला दुष्फेन म्हणत.
तेव्हा वाटायचं, कुणा राक्षसाचं नाव असावं.

प्रयोगशाळेत मी रोज त्याला मोजते.
पन्नास मिलिलिटर नमुना, नाकाला झोंबणारा अमोनिया,
चिमूटभर काळी पूड, आणि पाणी
जांभळाच्या रसासारखं लालसर होतं:
पुडीनं मॅग्नेशियमचा हात धरलेला असतो.
फुगडीतला नव्हे; रस्ता ओलांडताना धरावा तसा, सैल.

मग वरून, ब्युरेटमधून, थेंब थेंब ईडीटीए.
खेकड्याला दोनच नांग्या, तरी बोट सुटत नाही.
याला सहा. चारी अंगांनी, शिवाय वरून, खालून.
आधी मोकळं कॅल्शियम उचलतो, एकेक कण,
शेवटी पुडीच्या हातातलंही काढून घेतो.
त्या एका थेंबाला चंबू निळा होतो.

निळा रंग पकडणाऱ्याचा नाही, हे मला फार उशिरा कळलं.
जिचा हात रिकामा झाला, तिचा तो.

ग्लेनिस शेजारच्या टेबलावर बसते. वेल्सची, मऊ पाण्याच्या गावची;
तीस वर्षं झाली, अजून इथल्या चहावरच्या तवंगाला शिव्या घालते.
सोमवारी तिनं पिशवीतून किटली काढली,
एम्रिस गेल्यापासून कुणी न लावलेली.
आत नखभर जाडीचं पांढरं पुट.
"तूच काढ. घरी माझा हात धजत नाही."

मी सायट्रिक टाकलं. लिंबू-सोड्यासारखं फसफसलं.
अर्ध्या तासात तळ चकाकला, पाणी स्वच्छ.
ती वाकून बघत राहिली.
"गेलं?"
"नाही. यातच आहे. धरून ठेवलंय फक्त,
आता कशाला चिकटणार नाही."

सिंकपाशी तिनं किटली तिरकी केली,
मग सरळ केली.
म्हणाली, मोज.

नियमात बसत नव्हतं. नमुना क्रमांक नाही, ठिकाण नाही.
मी पातळ केलं, पूड टाकली, थेंब मोजत उभी राहिले.
निळं होऊ लागलं तशी ती म्हणाली, "थांब,"
तोवर एक थेंब जास्तच पडला होता.

आकडा मी लिहिला.
ठिकाणाच्या रकान्यात तिनं, माझंच पेन घेऊन:
स्वयंपाकघर.