कडेकडेनं

डॉक्टरबाईंनी कागदावर एक गोल काढला,
मधला भाग पेनानं गिरवून काळा केला.
"एवढं जाईल," म्हणाल्या, "कडा राहतील."
फिनबारनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली,
बसचं वापरलेलं तिकीट ठेवावं तशी.

एकतीस वर्षं लाँगफर्ड ते मलिंगर,
मलिंगर ते लाँगफर्ड.
त्या वाटेवर समुद्र लागत नाही.
कालवा लागतो एक, त्यात बदकं.

मी म्हटलं, चल तर मग,
देशाच्याही कडेकडेनंच जाऊ.

गाडी मी चालवते. साठीत शिकले,
त्याच्याचकडून, ओरडा खात.
तो शेजारी बसतो आणि दर वळणाला
पायाखालच्या रबरी चटईवर ब्रेक दाबतो.
"थर्ड टाक, डिंपना."
"दिसतंय काय तुला?"
"ऐकू येतंय की."

मोहेरच्या कड्यांवर धुकं होतं.
पार्किंगचे पैसे भरून आम्ही नुसतं पांढरं बघितलं.
रेनकोटातले शंभरेक लोक, हातात कॅमेरे, गप्प.
फिनबार मोठ्यांदा म्हणाला,
"आज सगळे माझ्यासारखे."
दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

पुढे रस्ता एवढासा, की मधोमध गवत.
फ्युशियाची लाल फुलं आरशाला घासत राहतात.
समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी मागं जायचं,
आणि ते कुणीतरी मीच असते.
ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो.
रामराम, आभार, पाऊसपाणी, सगळं त्या बोटात.
फिनबारही उचलतो.
हातात स्टिअरिंग नाही, तरी बोट वेळेवर उठतं.

क्लॅडॅडफला पबमधल्या बाईनं
बिअरच्या पुठ्ठ्यावर वेळ लिहून दिली.
"बेटावर वाळूवरून जा, गाडीनंच.
खांब लावलेत, ते धरून.
पण चारच्या आत या. चारनंतर तिथं रस्ता नसतो,
मासे असतात."

अर्ध्या वाळूत मी इंजिन बंद केलं.
वळसा घालून त्याचं दार उघडलं.
"सरक तिकडं."
त्यानं का म्हणून विचारलं नाही.
सीट मागं घेतली. आरसा नीट केला,
ज्यात त्याला काहीच दिसणार नव्हतं.
मग जुन्या सवयीनं मान वळवून
मागच्या रिकाम्या सीटना म्हणाला,
"धरून बसा."

ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलेलं,
चाकांनी त्याचे तुकडे उडत होते.
"डावीकडे," मी म्हणत होते, "अजून थोडं. हां. सरळ."
एक लाल चोचीचा पक्षी शिव्या देत बाजूला झाला.
माझा पाय आपोआप चटईवर गेला
आणि तिथं त्याच्या टाचेनं झिजवलेला
खळगा लागला, बरोबर पायाखाली.

हल्ली माझ्याकडे बघायचं तर
तो माझ्या कानाकडे बघतो.
आत्ताही वळून कानाकडे बघितलं, बराच वेळ.

"पुढे बघ, मेल्या!"
"पुढे काय आहे?"
"वाळू."
"किती?"

मी पुठ्ठा शोधत होते. घड्याळ शोधत होते.
"आहे अजून," म्हटलं, "बरीच आहे."