छाट

मी जॉबर. माग दुरुस्त करतो.
शाळेच्या बाई दारात आल्या तेव्हा सरळ सांगितलं,
काँप्युटरातलं आपल्याला काही कळत नाही.
त्या म्हणाल्या, बघा तर खरं,
बंदच आहेत, आणखी काय बंद पडणार?

विडी घरकुलात, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत
अकरा डबे. कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेले,
पाठीवर अजून मालमत्ता क्रमांकाच्या चिठ्ठ्या.
एकात झुरळांचा संसार.
ब्रश फिरवला, याचं काढून त्याला लावलं,
अकराचे सहा झाले.
तेवढ्या वेळात मुलं एकशेसव्वीस झाली.

एका पडद्यासमोर चौघं.
एकाचा हात माऊसवर, तिघांचे त्याच्या हातावर.
मुस्तकीमला जागा मिळायची नाही,
तो कडेला उभा राहून तोंडानंच चालवायचा:
वर जा, वर, अरे काय करलालास, दाब की बे!

पाणी पाचव्या दिवशी.
त्या दिवशी पोरी घागरींपाशी, खोलीत नुसती पोरं.
मग बाईंनी वेळापत्रक
घड्याळाकडे नाही, नळाकडे बघून केलं.

माझा बाप जकार्डचे पत्ते पाडायचा.
भोक असलं तर दोरा वर, नसलं तर दोरा खाली,
तेवढ्यावर चादरीत मोर उभा राहायचा.
बाई म्हणाल्या, ह्याच्याही पोटात तेच चालतं.
मी काही बोललो नाही.
रात्री एक डबा परत उघडून बघितला.
मोर काही दिसला नाही.

श्रावंती गुर्रम, आठवी.
घरात तेलुगू, शाळेत मराठी, पडद्यावर इंग्रजी.
खुर्चीवरसुद्धा मांडी घालून बसायची,
आईच्या सुपाशेजारी बसावं तशी.
बाकीचे एका बोटानं अक्षर हुडकत असताना
ही दहाही बोटं घेऊन आली.
पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून
ती आधीच तयार झालेली.

दिवाळीनंतर तिनं तक्ता केला.
तारीख. आईनं वळलेल्या विड्या.
चेकरनं छाटलेल्या विड्या.
नरसव्वाला वाचता येत नाही,
पण आकडे पाठ: सोमवारी एकशेदहा, मंगळवारी नव्वद,
पान चांगलं आलं तरी नव्वद.
छाटलेली विडी कुणी चुलीत घालत नाही,
हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.
फक्त कुणी लिहिलं नव्हतं.

तीन महिन्यांची बेरीज खाली आपोआप आली.
सहा हजार चारशे ऐंशी.
श्रावंतीनं ती पुसली, परत करून बघितली.
तीच आली.
म्हणजे साडेसहा दिवस
आई कुणाची तरी वेठ करत होती.

अशोक चौकात दहा रुपये देऊन कागद काढला.
नरसव्वानं तो विड्यांच्या टोपलीत, फडक्याखाली नेला.
चेकरनं आधी उलटा धरला, मग सुलटा.
कुणी काढून दिलं हे?
पोरीनं.
त्यानं घडी घातली, खिशात ठेवली, पुढचीला हाक मारली.

त्या आठवड्यात छाट चाळीसवर आली.
पुढच्या आठवड्यात सत्तर.
श्रावंतीनं तेही मांडलं.

काल मी एका डब्याचा पंखा बसवत होतो,
तेव्हा नरसव्वा पहिल्यांदा खोलीत आली.
चपला बाहेर. पदर सावरून.
कशालाही हात न लावता विचारलं,
ह्याच्यात मागलं पण मांडता येतंय काय ओ?
किती मागलं?
तंबाखूनं पिवळ्या झालेल्या बोटांवर
ती बराच वेळ मोजत राहिली.
लगीन होऊन आले, तवापासनं.

श्रावंतीनं माऊस धरला.
मुस्तकीम भिंतीपाशी होता, तो पुढं सरकला:
खाली जा. अजून खाली.
जा की, लई जागा हाय.